जुळवून कोण घेतं?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचेमहाशयांनी एक व्हिडिओ टाकला. ट्रकवरून एक पांढरा खोका उतरतो. दोन माणसं त्याच्या भिंती पुस्तकासारख्या उघडतात आणि बघता बघता त्याची खोली होते. मग आतली गंमत सुरू. भिंतीतून पलंग खाली येतो, पलंगाच्या पोटातून टेबल निघतं, टेबलाखालून दोन स्टुलं. एक तरुण मुलगा हे सगळं एका बोटाने उघडतो, मिटतो आणि शेवटी कॉफीचा मग घेऊन खिडकीबाहेर बघत बसतो. भाचा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. त्याने खाली लिहिलं होतं, "घराचं भविष्य! माझा प्रोजेक्ट ह्यावरच करतोय."

पाच मिनिटांत नानाकाकांचं उत्तर आलं. "यात नवीन काय? आम्ही लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत अकरा जण राहिलो. तीच बेडरूम, तेच किचन, तोच हॉल."

त्यावर सोळा अंगठे आले. (अंगठे देणाऱ्यांतले निम्मे आज तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतात. असो.)

मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मला दोघांचंही पटलं नव्हतं, आणि का पटलं नाही ते चार ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. नाना, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. किंवा रागवा, पण पूर्ण वाचून रागवा. :)

मुद्दा आधीच सांगून टाकते. छोट्या जागेला, कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या जागेला माझा अजिबात विरोध नाही. माझं भांडण 'लवचिक' ह्या शब्दाशी आहे. एखादी जागा लवचिक आहे, हवी तशी बदलते, असं कोणी म्हटलं की मला एकच प्रश्न पडतो. जुळवून कोण घेतं? जागा, की तिच्यात राहणारं माणूस?

आधी नानांची खोली घेऊ.

तीच बेडरूम, तेच किचन, तोच हॉल, हे अगदी खरं आहे. मी त्याच खोलीत वाढले. पण बेडरूमचं किचन आपोआप होत नव्हतं. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, तेव्हा आई उठायची. तिचं अंथरूण गुंडाळलं की त्या जागी स्टोव्ह यायचा. मग एकेकाला उठवत, एकेक वळकटी उचलत खोली मोकळी करायची. बाबांची रात्रपाळी असली की सकाळी ते येऊन झोपणार, म्हणजे उचललेली वळकटी परत अंथरायची, आम्ही पोरांनी बाहेर पळायचं आणि आईने भांड्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही. पाहुणे आले की निवडणं, शिवणं, अभ्यास, सगळं खाटेखाली. रात्री जेवणं झाली की फरशी पुसायची, ती वाळेपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा अंथरुणं. रोज. तीस वर्षं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा दिवसभर घरी बसू लागले. आईने शिलाईचं मशीन घेतलं. मशीनला जागा कुठून आली? खिडकीखालचा अडीच फुटांचा कोपरा होता, तिथे मी अभ्यास करायची. तो गेला. मी जिन्यातल्या दिव्याखाली बसायला लागले. तिथे येणाजाणाऱ्याला वाट द्यायला दर दोन मिनिटांनी उठावं लागे. आज ह्याला कोणीतरी 'मल्टिपर्पज स्पेस' असं गोंडस नाव देईल.

आणि मोरी. खोलीच्या कोपऱ्यात तीन बाय तीनची मोरी, तिला दोरीवरचा पडदा. बायकांनी आंघोळ करायची ती त्या पडद्याआड, पुरुषमंडळी गॅलरीत गेल्यावर, आणि तीही घाईघाईने, कारण गॅलरीत थांबलेल्यांना ऑफिसं-गिरण्या असायच्या. आईने एकतीस वर्षं अशी आंघोळ केली. मोरीचं हे पुढे पुन्हा येणार आहे.

तेव्हा नाना, खोली लवचिक नव्हती हो. ती एक इंचही हलत नव्हती. हलत होती ती आई.

तुमच्या आठवणीतली मजा खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती खोलीतली नव्हती, गॅलरीतली होती. तुम्ही स्वतः बारा महिने गॅलरीत झोपायचात. आमचं लग्नकार्य शेजारच्या दोन खोल्यांत व्हायचं, पापड गच्चीत वाळायचे, भांडणं जिन्यात व्हायची आणि आजारी माणसाला शांतता हवी असली तर समोरच्या मावशी आपली खोली द्यायच्या. १२० चौरस फुटांचं घर १२० चौरस फुटांत चालतच नव्हतं. त्याचे हातपाय बाहेर पसरलेले होते. त्या मुलाच्या खोक्याला ना गॅलरी, ना जिना, ना समोरच्या मावशी. तेव्हा 'यात नवीन काय' हे तुमचं म्हणणं उलट्या अर्थाने चुकीचं आहे. चाळीतली अडचण त्यांनी उचलली आणि चाळीतली सोय मागे ठेवली, हे नवीन आहे.

वरळी, नायगाव वगैरे ठिकाणच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. तिथल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. पुनर्विकासात त्या कुटुंबांना आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या काही कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. 'मला आपले १६० च बरे' असं त्यातल्या एकाही बाईने म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. नॉस्टॅल्जिया बहुधा अशांनाच होतो ज्यांना अंथरुणं काढावी लागत नव्हती.

आता भाच्याचा खोका.

पहिली गोष्ट, व्हिडिओतल्या टेबलावर काहीच नसतं. खऱ्या घरात रात्री अकरा वाजता त्या टेबलावर मुलाची वही, सासऱ्यांची औषधं, चष्मा, मोबाईलचा चार्जर आणि अर्धी निवडलेली मेथी असते. टेबलाचा पलंग करायचा तर हे सगळं आधी कुठेतरी जायला हवं. आणि पलंग सकाळी मिटायचा तर त्यावरच्या दुलया, उशा, चादरी कुठेतरी जायला हव्यात. हे कोण करणार? एक बोट फक्त शेवटी लागतं. त्याआधी दोन हात आणि पंधरा मिनिटं लागतात, आणि ते हात कोणाचे हे आपल्या घरांत अजून तरी सांगावं लागत नाही. बहुतेक घरांत अशा पलंगाचं पुढे काय होतं? पहिले पंधरा दिवस हौसेने उघडमीट होते. मग एक दिवस तो उघडाच राहतो, आणि त्या छोट्या खोलीत चालायची जागा कायमची गेलेली असते.

दुसरी गोष्ट, हे भविष्य पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेलं आहे. टोकियोच्या गिन्झा भागात १९७२ साली किशो कुरोकावा ह्यांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बाहेरून जोडलेल्या १४० कॅप्सूल. प्रत्येक कॅप्सूल कारखान्यात बनवलेली, सुमारे दहा चौरस मीटरची. म्हणजे आमच्या लालबागच्या खोलीपेक्षा थोडी लहानच. आत पलंग, कपाटं, घडीचं टेबल, भिंतीत बसवलेला टीव्ही, विमानातल्यासारखं इवलंसं न्हाणीघर आणि एक मोठी गोल खिडकी. कल्पना अशी होती की दर पंचवीस वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची आणि नवी लावायची. चार बोल्टचं काम.

पन्नास वर्षांत एकही कॅप्सूल बदलली गेली नाही. त्या एकमेकींना इतक्या खेटून होत्या की मधली एक काढायची तर तिच्या वरच्याही काढाव्या लागणार. प्रत्येकीचा मालक वेगळा, आणि सगळ्यांचं एकमत काही होईना. पाइप गंजले, गळती लागली, ॲस्बेस्टॉसची भीती होतीच. शेवटी २०२२ साली इमारत उतरवली. तेवीस कॅप्सूल वाचवल्या, त्यातल्या काही संग्रहालयांत गेल्या. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांवर एकमत होत नाही. तिथे तर एकमताने घरं उपटायची होती!

कुरोकावांना मी नावं ठेवत नाही. ज्यांचं खरं घर दुसरीकडे आहे आणि जे कामाच्या दिवसांपुरते शहरात उतरतात, अशा नोकरदारांसाठी ती जागा मुख्यतः होती. तसंच टोकियोच्या न्यू ओटानी हॉटेलचं. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी ते घाईघाईने पुरं करायचं होतं. हजारावर खोल्या, तेवढीच न्हाणीघरं. एकेका न्हाणीघराला गवंडी, प्लंबर, फरशीवाला लावला असता तर ऑलिंपिक संपलं असतं. म्हणून न्हाणीघरं कारखान्यात बनवून आणली आणि जागेवर बसवली. उत्तम काम. पुढे जपानात घरोघरी अशी न्हाणीघरं गेली. पण हॉटेलात माणूस दोन रात्री राहतो. घरात तो म्हातारा होतो.

आणि इथे मला आईची गोष्ट सांगायलाच हवी. मी ती आजवर लिहिली नव्हती, कारण त्यात पहिली चूक माझी आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत आई पडली. तेव्हा ती गुहागरकडे आमच्या गावच्या घरी दादा-वहिनींकडे असायची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला, थकली की चाकाची खुर्ची. घरचं न्हाणीघर आणि संडास परसात, चार पायऱ्या उतरून. गवंडी म्हणाला, चिरे आणायचे, पाया खणायचा, जोतं बांधायचं, दीड महिना धरा. आणि मे महिना अर्धा सरलेला. कामाला माणसं नाहीत, पाऊस तोंडावर.

मग मी इथून इंटरनेटवर शोधलं. एक तयार केबिन सापडली. पफ पॅनेलच्या भिंती, आत कमोड, बेसिन, शॉवर सगळं बसवलेलं. वीज, पाणी आणि मैल्याचा पाइप जोडला की झालं. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी आदर्श' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी एका हसऱ्या आजीचा फोटो. वाहतूक धरून लाखभर रुपये. मीच भरले. दार किती इंची आहे हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

केबिन आली. हायड्रा क्रेनने उचलून पडवीला लागून ठेवली. वाडीतली सगळी पोरं बघायला जमली. संध्याकाळपर्यंत पाणी सुरू. दादाने फोटो पाठवला आणि मी तो ऑफिसात चार जणांना दाखवला.

रात्री वहिनीचा फोन. "अगं, वॉकर आत जात नाहीये."

दार चोवीस इंची, वॉकर पंचवीस इंची. चाकाची खुर्ची सव्वीस. केबिनच्या खाली लोखंडी चॅनेलची बैठक, वर उंबरा, म्हणजे जमिनीपासून सात इंच पाय उचलायचा. ज्या बाईचा खुबा मोडलाय तिने. दारासमोरच बेसिन, त्यामुळे आत गेल्यावर वळायला जागा नाही. आंघोळीला फक्त शॉवर. बादली ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि आईला शॉवरखाली आयुष्यात कधी बसायची सवय नाही. कमोडशेजारी धरायला दांडा हवा म्हणून दादाने सुताराला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "हे पत्र्याचं सँडविच आहे. मध्ये फोम. कॅलेंडर टांगा पाहिजे तर. माणसाचा भार नाही घेणार."

पफ पॅनेल वाईट नाही बरं का. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे दोन पत्रे आणि मध्ये फोम, त्यामुळे ते हलकं असतं, ऊन अडवतं, भराभर उभं राहतं. पण त्या भिंतीला पुढे कधी काही लावावं लागेल, हे आधी ठरवून आतून लाकडाची किंवा लोखंडाची पट्टी टाकून ठेवावी लागते. ती टाकलेली नव्हती, कारण कॅटलॉगमधल्या आजीला आधार लागत नाही. ती नुसती हसते.

विकणाऱ्यांना फोन केला. "स्टँडर्ड मॉडेल आहे मॅडम. कापलंत तर वॉरंटी जाईल."

मग जुळवून कोणी घेतलं? वहिनीने घेतलं आणि आईने घेतलं. दारातच एक प्लास्टिकची खुर्ची. दादा आणि वहिनी मिळून आईला सात इंच उचलून तिच्यावर बसवायचे. मग दादा निघून जायचा. आईचे पाय आत, पाठ पडवीकडे, दार सताड उघडं आणि त्यावर जुन्या साडीचा पडदा. वहिनी बाहेर उभी राहून तांब्याने पाणी घालायची. जून, जुलै, ऑगस्ट. पावसाची झड आली की पडदा उडायचा आणि वहिनी एका हाताने तो धरून ठेवायची.

जुलैत मी गेले होते तेव्हा एकदा मी पडदा धरला. आई रागावलेली नव्हती, तक्रारही करत नव्हती. अंगावर पाणी पडत असताना सहज बोलल्यासारखं बोलली. "जन्मभर पडद्याआड आंघोळ केली गो. वाटलं होतं, आता तरी दार लावून करीन."

लाखभर रुपये खर्चून मी आईला लालबागची मोरी परत आणून दिली होती.

गणपतीच्या आधी दादाने शृंगारतळीहून एका वेल्डरला आणलं. त्याने आल्या आल्या केबिन बघितलीच नाही. म्हणाला, "आजी, जरा चालून दाखवा." आई वॉकर घेऊन पडवीभर चालली. तो तिच्या मागून टेप घेऊन फिरला. मग त्याने दाराची भिंत कापली आणि तीन फुटांची चौकट बसवली. बेसिन उचलून बाहेर पडवीत लावलं. दांडे भिंतीला न लावता खालच्या चॅनेलला वेल्ड करून उभे केले, म्हणजे भार भिंतीवर येईना. गुडघ्याच्या उंचीवर एक साधा नळ काढला. सात इंचाच्या उंबऱ्याला सात फुटांचा उतार केला. इंचाला फूट हे प्रमाण त्याला पाठ होतं. दोन दिवसांचं काम, चहापाण्यासकट.

वॉरंटी गेली. दार लागलं.

पुढे आई दोन वर्षं होती. शेवटचे काही महिने सोडले तर रोज दार लावून आंघोळ करायची. तेही सावकाश, अर्धा-अर्धा तास. वहिनी बाहेरून ओरडायची, "आई, पाणी संपेल हो!" आणि ती आतून उत्तर द्यायची नाही.

आता भाच्याचं म्हणणं मला माहीत आहे, कारण ह्यावर आम्ही फोनवर भांडून झालंय. "मावशी, प्रत्येकाच्या मापाचं वेगळं करायचं तर कारखाना कशाला? सगळं एकसारखं असतं म्हणूनच ते स्वस्त पडतं." बरोबर आहे. पण एकसारखं काय ठेवायचं हे कोण ठरवतं? रस्त्यावरून जाणारा ट्रक साधारण अडीच मीटर रुंद असतो. जहाजावरचा कंटेनर बाहेरून २.४४ मीटर. अशा तयार खोल्यांची रुंदी बऱ्याचदा इथून सुरू होते. त्यातून भिंतीची जाडी वजा होते, मग पत्रा किती वाया जाईल ते बघतात, मग कमोड आणि बेसिन बसवतात, आणि उरलेल्या जागेत माणूस. चाकाच्या खुर्चीला ९०० मिलिमीटरचं दार लागतं आणि वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, हे काही गुपित नाही. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत छापलेलं आहे. पण ट्रकची रुंदी पाळली नाही तर माल रस्त्यात अडकतो. माणसाची रुंदी पाळली नाही तर माणूस अडकतो, आणि तोवर पैसे भरून झालेले असतात.

आणि कारखान्यात बनलेल्या, एकसारख्या, तरी घराप्रमाणे बदलणाऱ्या वस्तूचं उदाहरण हवं असेल तर भाच्याने गुहागरच्या घरी मान वर करून बघावं. मंगलोरी कौल! बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली त्याचा कारखाना काढला आणि मग ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. प्रत्येक कौल शेजारच्या कौलात अडकतं, तेवढा एकच नियम. बाकी छप्पर देवळाचं असो, शाळेचं असो की गोठ्याचं, कौलाला काही देणंघेणं नाही. पडवी वाढवायची तर आणखी दोनशे कौलं आणा. वानराने एक फोडलं तर एकच बदला. त्यासाठी कंपनीचा माणूस यावा लागत नाही, वाडीतला कोणीही चढतो. उजेड हवा तर मध्ये एक काचेचं कौल घाला. नाकागिनच्या चार बोल्टना जे पन्नास वर्षांत जमलं नाही, ते आमचं छप्पर दर उन्हाळ्यात करतं.

म्हणजे एकसारखा तुकडा असावा, खोली नसावी. जोड ठरलेला असावा, जगणं नसावं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. जॉन हॅब्राकेन नावाच्या डच वास्तुविशारदाने १९६१ साली पुस्तक लिहून हेच सांगितलं, की इमारतीचा सांगाडा वेगळा, तो टिकाऊ आणि सगळ्यांचा. आतली रचना वेगळी, ती राहणाऱ्याच्या हातातली. आणि आपल्याकडे चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला जी वसाहत केली, तिथे ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे प्लॉट होते आणि आठ बाय आठ मीटरच्या एकेका अंगणाभोवती सात घरं. म्हणजे चाळीतली गॅलरी वेगळ्या रूपात शाबूत! पण खरी मेख भिंतीत होती. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या घराशी सामायिक नव्हती. घर वाढवायचं तर शेजाऱ्याची परवानगी नको. ती घरं कारखान्यात बनलेली नव्हती, साधीच होती, पण नाकागिनच्या बरोबर उलट होती. आज तिथे गेलात तर मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. मजले चढलेत, ग्रिल आल्यात, रंग बदललेत. वास्तुकलेची आवड असणारे हळहळतात, की बिघडवलं सगळं. मला वाटतं, बिघडवता आलं हेच त्या घरांचं यश आहे. आमच्या वेल्डरने केबिन बिघडवली तेव्हाच ती आईची झाली.

तर भाचेबुवा, प्रोजेक्ट जरूर कर. छोट्या तयार खोल्यांची गरज आहेच. घराघरात म्हातारी माणसं आहेत, घरून काम करणारी आहेत, एक खोली वाढवायला दीड महिना आणि गवंडी दोन्ही नसलेली आहेत. पण पलंगातून टेबल काढू नकोस. त्यापेक्षा दार तीन फुटी कर. उंबरा जमिनीला टेकव. भिंतीच्या आतून दोन उंचींवर पट्टी टाक, म्हणजे पुढे कोणालाही दांडा, फळी, देव्हारा, जे हवं ते ठोकता येईल. पाइप बाहेरून उघडता येतील असे ठेव आणि सुटे भाग असे निवड, जे शृंगारतळीच्या दुकानात मिळतात. कुठे कापलं तर चालेल हे भिंतीवर लिहूनच ठेव, आणि कापल्यावर वॉरंटी जाणार नाही हेही लिही. खोलीची एक बाजू मोकळी सोड, तिथे लोक आपापली पडवी जोडतील. आणि चित्रात तो कॉफीवाला मुलगा काढू नकोस. पंच्याहत्तरीची बाई काढ, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ओला टॉवेल.

नाना, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी अकरा जणांची गोष्ट सांगाल तेव्हा बाराव्या ओळीत हेही सांगा, की अंथरुणं कोण घालायचं.

असो. केबिन अजून पडवीला लागून आहे. कोकणातल्या हवेने खालचं चॅनेल गंजायला लागलंय, ते दोनदा रंगवून झालं. वहिनीचे गुडघे आता दुखतात, तीही वेल्डरचा दांडा धरूनच उठते. भाच्याने नवीन खोलीचं चित्र काढलं की ते मला नको, तिला पाठवावं. तिने टेप लावून बघितलं आणि बरं म्हटलं, की मग मी ग्रुपवर अंगठा देईन.